उलटी वळणारी फळी

मित्रांनो, माझ्याकडे बघून असं हसू नका. मुलांचं खेळणं मोठं झालंय, की माळ्याच्या ढकलगाडीला कुणी शीड लावलंय, हे प्रश्न मी पंचेचाळीस वर्षं ऐकते आहे. मी वाऱ्यावर पळणारी फळी आहे. पुरुषभर लांब, खाली हवेची चार चाकं, मधोमध डोलकाठीची खोबण. माणूस माझ्यावर उभा राहतो, दोन्ही हातांनी शिडाचा दांडा धरतो, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवरून आम्ही दोघं वाऱ्याबरोबर सुटतो. पाण्यावरच्या माझ्या बहिणींना सगळं जग ओळखतं. आम्हा वाळूवरच्यांना ओळखतात ती आमच्या या उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरची माणसं. तीही नीट ओळखत नाहीत, आणि हेच माझं रडगाणं आहे.

माझा जन्म एकोणीसशे एकोणऐंशी सालचा. ओती नदीच्या मुखाजवळ आमचं गाव. तिथे फिर्मां लकूस्त्र नावाचा मेकॅनिक होता. गावातले लोक समुद्रात लाकडी खांब रोवून त्यांवर शिंपले वाढवतात, आणि ओहोटी लागली की ट्रॅक्टर घेऊन खांबांकडे जातात. खारं पाणी ट्रॅक्टर खातं आणि फिर्मां ते दुरुस्त करतो, असा गावाचा संसार. हाताला चांगला, तोंडाला तिखट, आणि आपलं चुकलं असं आयुष्यात एकदाही न म्हटलेला माणूस.

त्याने एका मासिकात वाऱ्यावर पळणाऱ्या फळीचं चित्र पाहिलं आणि त्याची झोप उडाली. ॲश झाडाच्या दोन फळ्या त्याने चिकटवल्या, रंधल्या, ढकलगाड्यांची चार चाकं आणली, शीड ट्रकच्या ताडपत्रीचं शिवलं. सगळं झकास झालं. शेवटी राहिले आस.

हा आसांचा भाग जरा लक्ष देऊन ऐका, कारण माझं सगळं आयुष्य त्यात अडकलं आहे. माझे पुढचे आणि मागचे आस सरळ बसत नाहीत, दोन तिरक्या लोखंडी बैठकांवर बसतात. त्या बैठका आत, म्हणजे माझ्या पोटाच्या मध्याकडे झुकलेल्या हव्यात. मग माणूस ज्या बाजूला भार देतो त्या बाजूला मी वळते. बाहेर झुकलेल्या बसल्या तर मी बरोब्बर उलट्या बाजूला वळते. फिर्मांला ट्रॅक्टरखाली उताणं पडून काम करायची सवय. मला सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवून तो खाली शिरला, पुढचं मागे, मागचं पुढे असा गोंधळ झाला, आणि त्याने दोन्ही बैठका बाहेर झुकवून बसवल्या. घट्ट. वर रंगाचा हात मारला. मग मागे सरकून, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "याला म्हणतात काम!"

मी तेव्हाच ओरडले असते, पण फळीला तोंड कुठलं?

पहिल्या दिवशी तो सतरा वेळा पडला. दुसऱ्या दिवशी चौदा वेळा. गावात दुसरी फळी नव्हती, त्यामुळे सगळ्याच फळ्या अशा असतात असं तो धरून चालला. महिनाभर पडून पडून त्याच्या पायांनी उलटा हिशेब शिकून घेतला. डावीकडे जायचं तर उजवीकडे दाबायचं. गंमत अशी, की हे त्याच्या पायांना कळलं, डोक्याला कधीच कळलं नाही. कुणी विचारलं की तो छातीठोकपणे सांगायचा, "सोपं आहे, वळायचं तिकडे झुकायचं." तोंड एक सांगायचं आणि पाय नेमकं दुसरं करायचे.

पण मित्रांनो, शिकल्यावर तो काय पळायचा! पाणी दूर गेलेलं, वारा आडवा, आणि खांबांच्या रांगांपर्यंत कडक ओली वाळू. शिंपलेवाले ट्रॅक्टर थांबवून बघत राहायचे. ते दिवस आठवले की आजही माझ्या चाकांत हवा भरते.

चार वर्षांनी फिर्मांचा दोस्त आनिसे याने कारखान्यात बनलेली फळी मागवली. आनिसे शिंपलेवाला, गोलमटोल, बडबड्या. फिर्मां रुबाबात तिच्यावर चढला आणि तिसऱ्या यार्डाला तोंडावर आपटला. उठून वाळू थुंकत म्हणाला, "कारखान्याचा माल! जीवच नाही त्यात."

मग आनिसे माझ्यावर चढला. मी त्याला वाळूतल्या पाण्याच्या चरात नेऊन पालथा घातला. फिर्मां पोट धरून हसला. "आनिसे, हिला पाय लागतात पाय! तुझे नुसते पोट तोलायचे खांब."

"गाढवीण आहे ही तुझी," आनिसे चिडून म्हणाला. "बुरीक! आडमुठी बुरीक!"

बुरीक म्हणजे आमच्याकडे हट्टी गाढवीण. तेच माझं नाव पडलं. फिर्मांने ते लाल रंगात माझ्या पाठीवर रंगवलंसुद्धा. पुढे गावात क्लब निघाला, वीसएक फळ्या आल्या. त्या सगळ्यांवर सगळे पळायचे, फक्त फिर्मां पडायचा. माझ्यावर सगळे पडायचे, फक्त फिर्मां पळायचा. आता सांगा, एवढ्या माणसांत एकालाही दोन आणि दोन चार करता येऊ नयेत? एकानेही वाकून माझ्या पोटाखाली बघू नये? "फिर्मांचे पाय" अशी म्हण झाली गावात. हट्टी मी नव्हते हो. माझ्यावर जे बसवलं होतं तेवढंच मी इमानाने करत होते.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. नादेजचं सोडवत नाही.

नादेज ही फिर्मांची एकुलती एक लेक. वडिलांच्या गॅरेजमध्येच वाढलेली, हाताला कायम ग्रीस. लहानपणी ती माझ्या पाठीवर पालथी पडून चाकं फिरवायची आणि माझ्याशी बोलायची. चौदा वर्षांची झाल्यावर तिने हट्टच धरला. ऑक्टोबरचा रविवार होता, ओहोटी पुरी लागली होती, क्लबची सगळी मंडळी वाळूवर होती.

"पपा, कशी वळवू?"

"वळायचं तिकडे झुक. घाबरू नकोस, माझं रक्त आहे तुझ्यात."

ती चढली. शीड धरलं. वारा मऊ होता, मी सावकाश निघाले. पहिली शंभर पावलं ती अशी उभी राहिली की आनिसेची बडबडसुद्धा थांबली. मग तिला समुद्राकडे वळायचं होतं. ती समुद्राकडे झुकली, अगदी सांगितल्याप्रमाणे. आणि मी, मित्रांनो, मी वाळूच्या टेकड्यांकडे वळले. माझ्या चाकांना दुसरं काही येतच नव्हतं. ती एकीकडे आणि मी दुसरीकडे. खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मी विसरलेले नाही.

फिर्मां धावत आला. चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्याची भीती नेहमी तोंडातून वाकडी बाहेर पडायची. तिला उचलता उचलता तो म्हणाला, "झुक म्हटलं तर पडलीस! आईचे पाय घेऊन जन्माला आलीस, दुसरं काय."

लोक हसले. नादेज रडली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ती पुन्हा कधी माझ्यावर काय, कुठल्याच फळीवर चढली नाही.

दुखणं तिथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण क्लबचं दर वर्षी जेवण असतं. उकडलेले शिंपले, बटाट्याचे तळलेले काप, बीअर. आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, "फिर्मां, पोरीची गोष्ट सांग!" आणि फिर्मां उठून सांगायचा. वर्षागणिक गोष्टीला मीठमसाला वाढत गेला. शंभर पावलांची दहा झाली, दहाची तीन झाली. शेवटी शेवटी तर ती फळीवर चढायच्या आधीच पडली असं निघालं. नादेज मोठी झाली, वडिलांचं गॅरेज तिने हातात घेतलं, पाच गावांचे ट्रॅक्टर तिच्याकडे येऊ लागले. तरी जेवणाच्या टेबलावर ती चौदा वर्षांची धडपडी पोरगीच राहिली. ती ओठांनी हसायची आणि ताटातले रिकामे शिंपले एकावर एक रचत बसायची.

हे मला कसं माहीत? जेवण क्लबच्या ज्या खोलीत व्हायचं, तिथेच भिंतीवर मला टांगत असत. मानाची जागा! आणि टांगायचे कसं, तर लाल नाव दिसावं म्हणून पाठ लोकांकडे आणि पोट भिंतीकडे. जे सगळ्यांनी बघायला हवं ते भिंत बघत बसायची. अडतीस वर्षं मी ती गोष्ट ऐकली, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की एक खिळा निसटावा आणि मी पालथी होऊन टेबलावर आदळावं. खिळेही फिर्मांनेच ठोकलेले. ते कसले निसटतात?

आणि निगा? तिचंही ऐका. समुद्रावरून आल्यावर आम्हाला गोड्या पाण्याने धुवावं लागतं, खालून, आसांपर्यंत. नाहीतर मीठ बेअरिंग खातं. फिर्मां नळी धरून माझी पाठ चकचकीत करायचा. खाली दोन शिंतोडे उडवले की झालं. "खालून कोण बघतंय?" असं म्हणायचा. जगाच्या ट्रॅक्टरांचं पोट साफ करणारा माणूस! पण स्वतःच्या हातचं काम कोण तपासतो?

गेल्या वर्षी फिर्मां चौऱ्याहत्तरचा झाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ओदेत म्हणजे त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि चार वर्षांत तो माझ्यावर चढला नव्हता. क्लबने ठरवलं की या जेवणाच्या दिवशी जुन्या लोकांनी आपापल्या जुन्या फळ्या घेऊन निशाणापासून खांबांच्या पहिल्या रांगेपर्यंत जायचं. फिर्मांच्या अंगात वारं शिरलं. मला भिंतीवरून उतरवून त्याने नादेजच्या गॅरेजमध्ये आणून टाकलं.

"बेअरिंगं वाजतायत. तेवढी बघून दे. बाकी कशाला हात लावू नकोस."

"गुडघ्याचं काय, पपा?"

"गुडघा माझा आहे. तू बेअरिंग बघ."

तिने मला पालथं घातलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या डोळ्यांसमोर माझं पोट उजेडात आलं. नट गंजून एकजीव झाले होते. तिने तेल सोडलं, पाना लावला, दोन्ही आस आणि बैठका सुट्या केल्या, घासल्या, नवी बेअरिंगं घातली. मग बैठका परत बसवायला घेतल्या आणि तिचा हात थांबला. एक बैठक तिने लावली. काढली. फिरवून लावली. मग ओणवी होऊन जुन्या रंगातली खूण बघितली.

"हे उलटं आहे," ती म्हणाली. खोलीत कुणीच नव्हतं, म्हणजे माझ्याशीच बोलली.

मग ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. कपातली चिकोरीची कॉफी गार झाली. मला वाटत होतं, बोल गं बाई, ओरड, धावत जा त्याच्याकडे! तिने डाव्या हाताने आपल्या गळ्याजवळचं जुनं हाड चाचपलं. मग उठली आणि दोन्ही बैठका आत झुकवून, जशा बसायला हव्यात तशा बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. दुरुस्त केलेलं यंत्र चालवून बघायचं, हा धंद्याचा नियमच. ती मला वाळूवर घेऊन गेली, इकडेतिकडे बघितलं आणि चढली. बावन्न वर्षांची बाई, ग्रीसच्या कपड्यांत. वारा मंद होता. आम्ही निघालो. ती जराशी समुद्राकडे झुकली, आणि मित्रांनो, मी समुद्राकडे वळले! माणूस झुकला तिकडे मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. तिला वळसा घेऊन माघारी फिरता येत नव्हतं म्हणून ती उतरली, मला उचलून तोंड फिरवलं आणि पुन्हा चढली. अशा सहा फेऱ्या झाल्या. ती एकदाही पडली नाही. सातव्या वेळी ती चढली नाही, माझ्यावर बसून रडली.

मला वाटलं, आता सांगेल. तिने सांगितलं नाही. त्याच दुपारी फिर्मां गॅरेजमध्ये आला तो नव्या पोस्टमनला घेऊन, आणि मला दाखवत दाखवत त्याने पोरीच्या पडण्याची गोष्ट सुरू केली. नादेज ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "बेअरिंगं झाली पपा, घेऊन जा." एवढंच. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? आणि रागाबरोबर वाटलं, की हिच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते.

जेवणाचा दिवस उजाडला. सगळं गाव वाळूवर. फिर्मांने जुने हातमोजे घातले, शीड उचललं, आणि आनिसेला ओरडून म्हणाला, "बघ रे, पाय कशाला म्हणतात ते!"

तो पाच यार्ड गेला. पायांनी पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने उलटा हिशेब केला, मी नव्याने बसवलेल्या बैठकांचं ऐकलं, आणि तो धप्पकन बसला. लागलं काही नाही. उठला, पुन्हा चढला. या वेळी तीन यार्ड. तिसऱ्यांदा दोन.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. आनिसेसुद्धा हळू आवाजात म्हणाला, "वय होतं रे, फिर्मां. चल, एक एक बीअर घेऊ."

फिर्मां ओल्या वाळूत बसून राहिला. त्याने हातमोजे काढले आणि आनिसेच्या हातात दिले. "पाय गेले," तो म्हणाला. "संपलं. फोडून चुलीत घाला हिला." त्याचा आवाज इतका म्हातारा मी कधी ऐकला नव्हता.

नादेज गर्दीतून पुढे आली. मी जीव मुठीत धरून बसले होते. ती गप्प राहिली असती तर तो तसाच उठून घरी गेला असता, आणि सूड म्हणायचा तर तो पुरा झाला असता.

"पपा, पाय गेलेले नाहीत."

"मग काय गेलंय? अक्कल?"

"ती एकोणऐंशीतच गेली होती." असं म्हणून तिने मला सगळ्यांसमोर पालथं घातलं, चाकं आभाळाकडे. "या बैठका बघ. मी आत वळवून बसवल्यात. तू दोन्ही बाहेर बसवल्या होत्यास. पहिल्या दिवसापासून."

"तू माझ्या फळीला..." तो गरजत उठला, पण वाक्य पुरं झालं नाही. तो गुडघ्यावर बसला, ऑपरेशनच्या गुडघ्यावर, आणि जुन्या रंगातल्या खुणेवरून त्याने बोट फिरवलं. एकदा पुढच्या, एकदा मागच्या. मेकॅनिकच होता शेवटी, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आनिसेच्या डोक्यात उशिरा उजेड पडला. "म्हणजे मी त्या चरात पडलो, आणि पोस्टमास्तर, आणि तो पाद्री..."

"गप रे, आनिसे."

फिर्मांने माझं एक चाक बोटाने फिरवलं. मग मान वर न करता त्याने विचारलं, "नादेज, त्या दिवशी तू कुठे झुकली होतीस?"

"समुद्राकडे."

"नक्की?"

"वळायचं तिकडे झुक म्हणालास ना. समुद्राकडेच झुकले, पपा."

"म्हणजे तू बरोबर झुकली होतीस," फिर्मां म्हणाला. मग मान वर करून, लांबच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "पोरगी बरोबर झुकली होती. मी उलटं बसवलं होतं. माझं चुकलं."

नादेजने तोंड समुद्राकडे फिरवलं, आणि तिचे खांदे हलत होते. बापाने उठायला हात पुढे केला तेव्हा मात्र तिने तो घट्ट धरला.

मित्रांनो, मला आता सगळे विचारतात, बुरीक, खूश आहेस ना? आहे. पण पुरती नाही. अडतीस वर्षांत किती वारे आले आणि गेले, किती ओहोट्या लागल्या, आणि वाऱ्यासाठी जन्मलेली ती मुलगी किनाऱ्यावर उभी राहून दुसऱ्यांचे ट्रॅक्टर पुसत राहिली. तिला चौदाव्या वर्षी जे मिळायचं ते बावन्नाव्या वर्षी मिळालं. ते मी कुठून भरून देऊ?

म्हणून माझं एवढं ऐका. तुमच्याकडे जे काही चाक असेल, यंत्र असेल, त्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि पाठीपेक्षा पोट आधी धुवा. आणि कुणी पडलं, तर त्याच्या पायांना नावं ठेवण्याआधी फळी पालथी घालून बघा. आठ नट आहेत हो सगळे मिळून. सोडवायला अर्धा तास लागतो.